नदी कुठल्या खात्याची?

विट्याहून कराडकडे जाताना येरळेचा पूल लागतो. अलीकडे उपसा सिंचन योजनांचे पाणी सोडले की पुलाखाली ओल दिसते. एरवी वर्षातले बरेच महिने खाली नदी आहे हे सांगावे लागते. ही नदी खटाव तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते, सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यांमधून उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा या खोऱ्यातला खानापूर तालुका त्या यादीत होता. पुढच्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि त्याच येरळेच्या मुखाशी, ब्रह्मनाळला, पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली. मध्ये दहा महिनेही गेले नव्हते.

टँकरची फाइल आणि बोटीची फाइल, दोन्ही मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे गेल्या. खुद्द येरळेची फाइल कुठे असते, हे मात्र मी अनेकांना विचारले. प्रत्येकाने दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवले.

हा लेख त्या फाइलीबद्दल आहे. आपल्याकडे दुष्काळ हा पावसाचा प्रश्न मानला जातो आणि नदी हा पर्यावरणप्रेमींचा. दोन्हींवर वेगळी खाती, वेगळ्या योजना, विधिमंडळात वेगळ्या दिवशी चर्चा. जमिनीखाली मात्र हे दोन प्रश्न एकच आहेत.

पावसाळ्यात नदी वाहते ती वरून आलेल्या पाण्यावर. हे कुणालाही कळते. पण पाऊस थांबून तीन महिने झाले, जानेवारी उजाडला, तरी जी नदी वाहते ती कशावर? आपल्याकडे डोंगरांवर बर्फ नाही. ते पाणी जमिनीतून येते. पावसाळ्यात मुरलेले पाणी दोन्ही काठांच्या मुरमातून, खडकाच्या भेगांमधून हळूहळू उताराला सरकत राहते आणि पात्रात पाझरते. जुनी माणसे ‘नदीला पाझर आहे’ म्हणायची ते याचसाठी. वाळूत हातभर विरडा खणला की गोडे पाणी लागायचे, तेही याच पाझराचे. म्हणजे हिवाळ्यातली नदी ही त्या खोऱ्यातल्या सगळ्या विहिरींची मिळून एक उघडी पाणीपातळी असते. विहिरी खोल गेल्या की नदी आटते. पातळी आणखी खाली गेली की उलटा व्यवहार सुरू होतो आणि नदीत पाणी सोडले तरी पात्रच ते पिऊन टाकते.

महाराष्ट्रात हे फार लवकर घडते, कारण आपला खडक. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर खोल गाळाची पेवे आहेत. आपल्याकडे वरचा मुरूम, कुजलेला खडक आणि त्याखाली इकडेतिकडे भेगा, एवढीच काय ती साठवण. एका चांगल्या पावसात ती भरते आणि जोरदार उपसा झाला तर एका उन्हाळ्यात रिकामी होते. मग शेतकरी बोअर मारतो. तीनशे फूट, पाचशे फूट, सातशे फूट. कधी खोलवरची एखादी भेग लागते आणि दोन वर्षे पाणी मिळते. कधी नुसता फुफाटा उडतो, कर्ज तेवढे मागे राहते. शिवाय जे पाणी लागते ते बहुतेकदा शेजाऱ्याच्याच विहिरीचे किंवा नदीच्या पाझराचे असते. त्याला ‘नवे पाणी’ म्हणणे म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकून कमाई झाली म्हणण्यासारखे.

पाऊस कमी हे खरेच आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात ५०० च्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवले, त्याला विधानसभा काही करू शकत नाही. पण ५०० मिलिमीटर पावसात काय पिकवायचे, किती उपसायचे, नदीतली वाळू किती काढायची, हे माणसांनी ठरवलेले असते.

वाळूचा विषय निघाला म्हणून येरळेचीच एक गोष्ट सांगतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले पुष्कळ गिरणी कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. संप करून आलेली ही माणसे. नशिबावर भागवणारी नव्हती. मुक्ती संघर्ष चळवळीच्या माध्यमातून, डॉ. भारत पाटणकर आणि लोकविज्ञान चळवळीतल्या मंडळींच्या सोबतीने त्यांनी प्रश्न विचारला की दुष्काळ पडतो की पाडला जातो? गावोगाव पाहणी झाली. त्यातून जे पुढे आले त्यात वाळूचा बेसुमार उपसा होता. वाळू ही नदीची गादी. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि सावकाश काठच्या विहिरींना देते. गादीच उचलून नेली की पाणी खडकावरून घसरून सरळ पुढे जाते आणि विहिरी मोकळ्या राहतात. शहरात एक मजला चढतो, तेव्हा कुठल्यातरी गावात एक विहीर उतरते, असा तो हिशेब.

मग बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी ठरवले की वाळू विकायचीच तर गावाने विकावी, मोजून विकावी, आणि आलेल्या पैशातून येरळेवर बंधारा बांधावा. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. सरकारी परवानगीसाठी भांडावे लागले. ते सगळे सांगत बसत नाही. १९९० च्या आसपास बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. माझ्या दृष्टीने त्यातली खरी अभियांत्रिकी सिमेंटमध्ये नसून अटींमध्ये होती. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता प्रत्येक घराला सारखे द्यायचे, भूमिहीनांनाही. आणि उसाला द्यायचे नाही. नदीचे पात्र, वाळू, पाणी आणि पीक या चार गोष्टी एकाच ठरावात आणणे त्या दोन गावांना जमले. मंत्रालयात त्या चार वेगवेगळ्या खात्यांत आहेत.

आता सरकारी दुष्काळ कसा असतो ते पाहू. पूर्वी पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की गाव दुष्काळी. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर मोजमाप जास्त शास्त्रीय झाले. पावसाची तूट आणि खंड हा पहिला निकष, मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणे आणि भूजल यांची स्थिती, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. ऑक्टोबरच्या शेवटी यादी लागते. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले, आणि गदारोळ झाल्यावर दहा दिवसांत १ हजाराहून जास्त महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती असल्याचे ठरले. ‘सदृश’ हा शब्द ज्याने शोधला त्याला भाषेची चांगली जाण असावी.

यादीत नाव आले की काय मिळते? जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथे टँकर, थकबाकीदार पंपांची वीज न तोडणे. हे सगळे हवेच. घर जळत असताना बादलीला नावे ठेवू नयेत. पण ही यादी पुन्हा एकदा वाचावी. पाणी वाचवणारी, अडवणारी किंवा वाटणारी एकही ओळ त्यात नाही. वीजबिलाची सवलत तर, तिचा हेतू चांगला असला तरी, उपसा कमी करा असे नक्कीच सांगत नाही. दुष्काळाचे व्यवस्थापन म्हणून आपण जे करतो ते दुष्काळाच्या नुकसानीचे व्यवस्थापन असते. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात ६ हजारांहून जास्त टँकर धावत होते. त्याआधी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून रेल्वे लातूरला गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. फोटो जगभर छापून आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच मांजरेच्या खोऱ्यात उसाचे किती कारखाने आहेत, हे मात्र त्या फोटोंत कुठे दिसत नव्हते.

मग कायदे नाहीत का? भरपूर आहेत. हा सगळा प्रकार समजून घेताना मला सर्वांत जास्त आश्चर्य याचेच वाटले.

भूजलाचे घ्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घालणारा कायदा १९९३ सालीच झाला. त्याच्या जागी २००९ मध्ये अधिक व्यापक कायदा विधिमंडळाने मंजूर केला, आणि तो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आहे, पाणलोटनिहाय समित्या आहेत, आणि भूजलाचा अंदाज पाहून पीक आराखडा करण्याची तरतूदही आहे. बलवडी-तांदूळवाडीने ठरावात जे लिहिले त्याच्या जवळपास जाणारा हा कायदा. पण कायदा चालतो नियमांवर. नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ मध्ये, कायदा मंजूर झाल्यावर नऊ वर्षांनी. दरम्यान बोअरची गाडी रात्री शिवारात शिरते तेव्हा तिला ६० मीटरला थांबवणारा कुणी नसतो. तलाठ्याला ते आपले काम वाटत नाही आणि भूजल यंत्रणेकडे तेवढी माणसे नाहीत.

ही एकाच कायद्याची गोष्ट असती तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ चा, पण त्याखालचे नियमच चार दशके झाले नाहीत. कालव्यांचा कारभार १९३४ च्या मुंबई इलाख्यातल्या नियमांवर चालत राहिला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यात राज्याचा एकात्मिक जल आराखडा करायचा आणि नवे प्रकल्प त्यात बसतील तरच घ्यायचे, असे ठरले होते. तो मंजूर करण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद. तिची पहिली बैठक झाली २०१५ मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘वाल्मी’ या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे हा मुद्दा वर्षानुवर्षे लिहीत राहिले आणि शेवटी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा चाके हलली. आराखडा तयार व्हायला २०१८ उजाडले. एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने जनहित याचिका करावी आणि मग सरकारने स्वतःचाच कायदा पाळावा, याचा विधिमंडळातल्या कुणाला राग कसा आला नाही?

२००५ च्याच कायद्यात एक कलम आहे, १२(६)(ग). खोऱ्यातल्या सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर साठ्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, असा त्याचा आशय. २०१४ मध्ये प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यासाठी त्याचे सूत्र ठरवले. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. तेव्हापासून पाऊस कमी झाला की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा सामना ठरलेला. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि आंदोलने, न्यायालय हे सगळे पार करून नोव्हेंबरअखेर पाणी सुटले.

या भांडणात नदी कुणाच्या लक्षात येत नाही. धरणातून सोडलेले पाणी नळातून जात नाही, गोदावरी-प्रवरेच्या पात्रातून जाते. पात्र ओले असेल, काठची भूजल पातळी बरी असेल, तर पाणी पोहोचते. पात्र कोरडे असेल तर पहिल्या दिवसाचे पाणी वाळू आणि भेगाच पितात. वाटेत कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे काढावे लागतात, काठच्या पंपांची वीज बंद करावी लागते. समन्यायी वाटपाचा आदेश कितीही न्याय्य असो, तो पोहोचवणारी वाट आजारी असेल तर वरच्याला वाटते आपले लुटले आणि खालच्याला वाटते आपल्याला मिळालेच नाही. दोघेही थोडे थोडे खरे असतात.

नदीच्या संरक्षणासाठी राज्याचे एक धोरण होते. २००० साली आलेल्या नदी नियमन क्षेत्र धोरणात नदीचा वर्ग आणि कारखान्याचा प्रकार पाहून पात्रापासून किती अंतरात काय चालेल हे ठरवले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. उद्योगांची अडचण होत होती म्हणे. ते धोरण होते, कायदा नव्हता; म्हणून शासन निर्णयाने आले तसे शासन निर्णयाने गेले, सभागृहाला विचारावे लागले नाही. आता उरल्या पूररेषा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्यांचाही मूळ आधार १९८९ चे पाटबंधारे खात्याचे परिपत्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. गंगेत किमान किती पाणी वाहते ठेवायचे याची अधिसूचना केंद्राने २०१८ मध्ये काढली. कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्यासाठी असा बंधनकारक आकडा राज्याच्या कुठल्या कायद्यात नाही. नदीत पाणीच नसेल तर सांडपाण्याला पातळ करायलाही काही उरत नाही, आणि खालच्या गावाच्या नळाला तेच येते. दुष्काळात पाण्याचा दुष्काळ असतोच, चांगल्या पाण्याचा आधी पडतो.

योजना मात्र येत राहतात. २०१९ पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करण्यासाठी जलयुक्त शिवार आले. काही गावांत त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ठिकठिकाणी ओढे-नाले रुंद आणि खोल करण्याचा सपाटा लागला, आणि पोकलेनने खडक उघडा पाडणे म्हणजे जलसंधारण नव्हे हे अभ्यासक सांगत होते. सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष कॅगने २०२० मध्ये मांडला. उलट हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम गाव पाळते. तिथे यंत्र कमी आणि बंधन जास्त आहे. बंधनाला मते मिळत नाहीत, हे आमदारांचे म्हणणे मी ऐकून आहे.

पण हे खरे आहे का? या राज्याच्या विधिमंडळाने दुष्काळावर एकदा फार मोठे काम केले आहे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, म्हणजे येरळेच्या शेजारीच, मागेल त्याला काम देण्याचा एक लहानसा प्रयोग झाला. त्यामागचे वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. मग १९७२ चा दुष्काळ आला. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडणारे हात. १९७३ च्या मेमध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. तो अनुभव विरून जाऊ न देता विधिमंडळाने त्याचा कायदा केला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि देशाने २००५ मध्ये केलेल्या कायद्याला तो नमुना ठरला. पैसे कुठून आणले? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकात आजही दरमहा दोनशे रुपयांची जी ओळ दिसते, ती दुष्काळातल्या मजुरासाठी सुरू झाली होती. शहरांवर कर बसवून खेड्याला कामाचा हक्क देणे लोकप्रिय असणार नाही, असे तेव्हाही कुणी म्हणाले असेलच. सांगोल्याहून ११ वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये वर्षानुवर्षे समन्यायी वाटपाचे बोलत राहिले. मतदारांनी त्यांना तरीही पुन्हा पुन्हा निवडून दिले.

तेव्हा आमदारांकडे मागणे आहे ते नव्या योजनेचे नाही. भूजल कायद्याचे अंतिम नियम आणि ते राबवणारी माणसे, ही पहिली गोष्ट. नदीच्या दोन्ही काठांसाठी परिपत्रकाऐवजी कायदा, म्हणजे तो बदलायचा तर सभागृहात उभे राहून बदलावा लागेल. प्रत्येक मोठ्या नदीसाठी किमान प्रवाहाचा आकडा, आणि टंचाईच्या वर्षी तो कसा कमी करायचा, आधी कुणाचे पाणी तोडायचे याचा आधीच लिहिलेला क्रम. आज हा क्रम ऑक्टोबरनंतर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतो. तिथे आमदार असतातच, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे आवर्तन आधी. दुष्काळाची पहिली चाहूल ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात लागते. तेव्हा ऊस नव्याने लावू नका असे सांगणे आणि ते ऐकणाऱ्याला भरपाई देणे, हे जानेवारीतल्या टँकरपेक्षा स्वस्त पडते. टेंभू आणि ताकारी या उपसा योजनांचे पाणी चढून आले तेव्हा येरळेच्या खोऱ्यालाही हा प्रश्न पडलाच. जिथे बळीराजा धरणाने उसाला नाही म्हटले, त्याच टापूत आता ऊस उभा दिसतो. पाणी आल्यावर काय करायचे याचा कायदा नसेल, तर आलेले पाणीही पुरत नाही.

वेळही महत्त्वाची. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चमध्ये असते, तेव्हा धरणांचा तळ दिसू लागलेला असतो आणि चर्चा टँकरचीच होणार. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये भरते. दुष्काळाची यादी नुकतीच लागलेली असते, धरणांत पाणी असते, नदीला कुठे कुठे पाझर असतो. त्या अधिवेशनात येरळेच्या खोऱ्यातल्या कुणा आमदाराने एक साधा तारांकित प्रश्न टाकावा. येरळा नदी शासनाच्या कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येते? धरणे जलसंपदाकडे, लहान बंधारे मृद व जलसंधारणाकडे, भूजल पाणीपुरवठ्याकडे, वाळू महसुलाकडे, सांडपाणी पर्यावरणाकडे, शहरांतले घाट नगरविकासाकडे, पूर आणि दुष्काळ मदत व पुनर्वसनाकडे. उत्तर यायला किती दिवस लागतात आणि त्यावर किती खात्यांचे शेरे पडतात, ते मोजून ठेवावे.